लेसरआधी डोळ्याचे आकडे मागा आणि ते कागद जपून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चष्म्याचा नंबर लेसरने घालवण्याविषयी जे काही छापून येते त्यात यंत्राचे वर्णन भरपूर असते; ते यंत्र ज्या डोळ्यावर चालवायचे त्या डोळ्याचा विषय मात्र दोन-चार ओळींत आटोपलेला असतो. मी स्वतः १७ वर्षांपूर्वी, वयाच्या २७ व्या वर्षी, दोन्ही डोळ्यांवर लॅसिक करून घेतले. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसहा होता आणि डाव्याचा उणे सात. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. सकाळी उठल्याबरोबर उशाशी चाचपडण्याची सवय सुटायलाच वर्ष गेले, यावरून त्या चष्म्याने माझे आयुष्य किती व्यापले होते ते लक्षात यावे. तरीही त्या वेळी जे मला कोणी सांगितले नाही आणि जे विचारायचे मलाही सुचले नाही, ते आज या निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र. मी डॉक्टर नाही, एक जुना रुग्ण आहे.

काही महिन्यांपूर्वी जवळची अक्षरे पुसट दिसू लागली म्हणून तपासणीला गेलो. डोळ्यातला दाब मोजणाऱ्या मुलाने कागदावर १३ लिहिले आणि ‘दाब एकदम छान’ म्हणून मला पुढच्या खोलीत पाठवले. तिथल्या डॉक्टरबाईंनी यंत्राच्या भिंगातून डोळ्याकडे पाहिले, प्रकाशाची फट थोडी सरकवली आणि विचारले, ‘‘लेसर कधी करून घेतलंत?’’ मी ते सांगितलेच नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नव्हते. त्यांना बुबुळावर फ्लॅपची, म्हणजे लॅसिकमध्ये कापून उचललेल्या पापुद्र्याची, गोल कड दिसली होती. मग कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, जाडी मोजली गेली. ती ४३८ मायक्रॉन भरली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॉर्निया पातळ असला की दाबाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे माझे १३ हे १३ म्हणून धरता येत नव्हते. बाईंचा पुढचा प्रश्न होता, ‘‘शस्त्रक्रियेच्या आधीचे रिपोर्ट आहेत?’’ नव्हते. घर बदलताना ते रद्दीत गेले होते. ज्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली तिथे दूरध्वनी केला, तर इतक्या जुन्या नोंदी आता ठेवलेल्या नाहीत असे उत्तर मिळाले.

या कागदांची गरज दोन ठिकाणी पडते. काचबिंदूचे निदान करताना दाबाचा आकडा हा एक महत्त्वाचा धागा असतो. लेसरने पातळ केलेल्या कॉर्नियावर तो फसवा ठरतो, आणि तपासणाऱ्याला लेसरची माहितीच नसेल तर वाढलेला दाबही ‘छान’ म्हणून पुढे ढकलला जाऊ शकतो. दुसरी वेळ मोतीबिंदूची. मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कॉर्नियाची वक्रता मोजतात आणि तिच्यावरून त्याची ताकद ठरवतात. लेसरने कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग सपाट होतो, मागचा तसाच राहतो, त्यामुळे नेहमीचे गणित चुकते आणि कमी ताकदीचे भिंग बसून रुग्णाला नको तो अधिकचा (प्लस) नंबर लागण्याची शक्यता असते. अशा डोळ्यांसाठी आता वेगळी सूत्रे आहेत, जुन्या आकड्यांशिवायही काम चालवता येते. पण ते आकडे हाती असले तर पडताळा मिळतो. विशी-पंचविशीत लेसर करून घेणाऱ्याच्या डोक्यात मोतीबिंदूचा विचार येत नाही हे मला मान्य आहे. माझ्याही आला नव्हता.

लेसरच्या अचूकतेविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण ऊतीला भाजून काढत नाही. तो तिच्यातले रासायनिक बंध तोडतो आणि एका झोतासरशी मायक्रॉनचा साधारण पाव हिस्सा उडवतो. १९८१ साली आयबीएमच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या जन्माने भारतीय असलेल्या शास्त्रज्ञाने, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन या सहकाऱ्यांच्या साथीने, आजूबाजूचा भाग न भाजता असे कोरीवकाम करता येते हे दाखवले, आणि तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या हाडा-कुर्चेवर! पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हा किरण कॉर्नियासाठी वापरता येईल हे मांडले, आणि ग्रीसमधील योआनिस पालिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा बिजागरीसारखा उचलून त्याखाली लेसर चालवण्याची लॅसिक पद्धत रुळवली. एवढे सांगण्याचा हेतू इतकाच, की यंत्र सांगितले तेवढेच कोरते. किती कोरायचे, आणि मुळात कोरायचे की नाही, हे आधीची तपासणी ठरवते, आणि जाहिरातीतले नवे यंत्र हा त्या तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

यातले गणित शाळकरी आहे; ते कोणीही कागदावर मांडून पाहावे. कॉर्नियाची मधली जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा अधिक असते. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भाग कोरायचा असेल तर दर एक नंबरमागे सुमारे १४ मायक्रॉन जातात. व्यास सहा मिलिमीटर ठेवला तर सुमारे १२. लॅसिकमध्ये वरचा फ्लॅप ११० मायक्रॉनचा धरू, कारण तो परत बसवला तरी पुढे कॉर्नियाच्या मजबुतीला त्याचा फारसा हातभार लागत नाही. आता ज्याचा कॉर्निया ५०० मायक्रॉनचा आहे आणि नंबर उणे आठ आहे, त्याचे फ्लॅपचे ११० आणि लेसरचे ११२ वजा जाता २७८ उरतात. खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत हा जुना दंडक, आणि अनेक शल्यचिकित्सक ३०० च्या खाली जायला राजी नसतात. उणे आठचाच नंबर, पण कॉर्निया ५६० चा असेल तर ३३८ उरतात आणि प्रश्नच मिटतो. म्हणून ‘माझ्या मैत्रिणीचा नंबर माझ्यापेक्षा जास्त होता, तिचे झाले’ या वाक्याला काही अर्थ नाही. शिवाय फ्लॅप आणि लेसर मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांहून अधिक भागाला हात लागत असेल तर धोका वाढतो असे मानतात. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या डोळ्यात हे प्रमाण ४४ टक्क्यांवर जाते. काही वर्षांनी नंबर थोडा परतला तर पुन्हा लेसर करण्याइतकी जाडी शिल्लक राहील का, हेही याच वजाबाकीवर अवलंबून असते. नेमके हेच तीन आकडे, म्हणजे जाडी, फ्लॅप आणि उरणारी खोली, मला माझ्या शस्त्रक्रियेआधी कोणी सांगितले नाहीत.

जाडी पुरेशी असली म्हणजे झाले असेही नाही. माझ्या २३ वर्षांच्या भाचीचा नंबर उणे चार, त्यामुळे तिला नकार मिळेल असे कोणाला वाटले नव्हते. ती आदल्या रात्रीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स लावून तपासणीला गेली. कॉर्नियाच्या चढउतारांचा जो रंगीत नकाशा काढतात त्यात तिच्या बाहुलीच्या खालच्या अंगाला लालसर डाग आला. लाल म्हणजे तो भाग अधिक वक्र. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता दबतो, म्हणून मऊ लेन्स निदान दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवून मगच मापे घ्यायची असतात. तिला तीन आठवड्यांनी परत बोलावले. डाग लहान झाला होता, पण गेला नव्हता, आणि कॉर्नियाची मागची बाजूही त्याच जागी किंचित फुगलेली दिसली. डॉक्टरांनी केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची, शंका व्यक्त केली आणि लेसर करणार नाही असे स्पष्ट सांगितले. ‘‘मामा, सगळ्यांचं होतं, माझंच का नाही?’’ असे म्हणत ती त्या दिवशी रडली, आणि आठवडाभरात तिला दुसरीकडे दाखवण्याचे सल्लेही मिळू लागले. मुळातच कमकुवत असलेली अशी काच लेसरने आणखी पातळ केली, तर ती पुढे फुगत जाऊन चष्म्यानेही न सुधारणारी नजर पदरी पडू शकते. त्या डॉक्टरांनी एक शस्त्रक्रिया नाकारली, आणि वर डोळे चोळण्याची सवय सोडायला सांगून दर सहा महिन्यांनी नकाशा काढायला बोलावले, कारण विकार वाढत असल्याचे दिसले तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार वेळेवर करता येतो. माझ्या मते ज्या ठिकाणी काही जणांना ‘नाही’ म्हटले जाते, तिथल्या ‘हो’वर विश्वास ठेवावा.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. वय १८ पूर्ण असावे आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या (०.५) नंबराहून अधिक बदललेला नसावा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, त्या काळात थांबावे. संधिवाताचे काही प्रकार, ल्युपस, आटोक्यात नसलेला मधुमेह, डोळ्याला पूर्वी झालेली नागीण, घरात कोणाला असलेला केराटोकोनस, मुरुमांवर चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, हे सगळे न विचारता सांगावे. वैमानिक, सैन्य किंवा तत्सम सेवेत जायचे असेल तर त्या त्या सेवेचे नियम आधी वाचावेत. शस्त्रक्रिया झाल्यावर वाचून उपयोग नाही.

कोरडेपणा आणि रात्रीची नजर यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण समुपदेशनात हे दोन्ही मुद्दे ‘थोडे दिवस होते, मग जाते’ या एका वाक्यात उरकले जातात. लॅसिकमध्ये फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात. डोळा कोरडा पडत आहे ही जाणीव मेंदूपर्यंत नेण्याचे काम त्याच करतात. त्या परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागू शकते आणि तोवर डोळे चुरचुरतात, दिवस मावळेपर्यंत जड होतात, नजर मधूनच धूसर होते आणि पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ होते. बहुतेकांचे सुधारते, काहींचे रेंगाळते. ज्यांचे डोळे आधीपासूनच कोरडे आहेत त्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते हे पाहणारी साधी चाचणी यासाठी असते. रात्री समोरच्या दिव्याभोवती कडी दिसणे, किरण फुटणे, प्रकाश पसरणे हे अंधारात ज्यांची बाहुली फार मोठी होते आणि ज्यांचा नंबर मोठा असतो त्यांनी विशेष विचारून घ्यावे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या आणि संरक्षण खात्याच्या सहकार्याने केलेला लॅसिकचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी ज्यांना असा कोणताही त्रास नव्हता त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी दिव्याभोवतीची कडी किंवा तत्सम एक तरी नवे लक्षण नोंदवले, आणि २८ टक्क्यांपर्यंत लोकांना नव्याने कोरडेपणा जाणवला. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, आणि त्या लक्षणांमुळे रोजच्या कामांत फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. जाहिरातीत पहिला नसतो आणि घाबरवणाऱ्या लेखांत दुसरा. मला स्वतःला पावसाळी रात्री वाहन चालवताना आजही समोरच्या दिव्यांना झालर दिसते. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटली: लोकांनी प्रश्नावलीत जितके त्रास लिहिले, त्याच्या निम्मेही डॉक्टरांना सांगितले नाहीत. मीही ही झालर कधी कोणाला सांगितली नव्हती.

चाळिशीविषयीचा गैरसमज तर घरोघरी आहे. लेसर कॉर्नियावर होते. चाळिशी लागते ती आतले नैसर्गिक भिंग ताठर झाल्यामुळे, आणि लेसरने ती टळत नाही. उणे नंबरवाल्याला तर एक गोष्ट गमवावी लागते. उणे सात नंबरच्या डोळ्याला चष्मा काढल्यावर सुमारे १४ सेंटिमीटरवरचे अगदी बारीक दिसते. माझ्या वडिलांचाही नंबर मोठा होता आणि सत्तरीतही ते चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवत असत. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला चष्मा शोधतो. चाळिशीजवळ आलेल्यांना एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याचा पर्याय सुचवला जातो. तो काहींना छान मानवतो आणि काहींना मुळीच मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस त्या नजरेने वावरून पाहावे.

नंबर गेला म्हणजे डोळा बदलला असेही नव्हे. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो आणि त्याच्या आतला मागचा पडदा ताणलेला असतो; लेसरनंतरही ती लांबी तेवढीच राहते. म्हणून आधी बाहुली मोठी करून पडदा तपासणे, त्यात छिद्र किंवा विरळ जागा असेल तर त्यावर आधी उपचार करणे, आणि नंतरही दरवर्षी तपासत राहणे आवश्यक आहे. अचानक ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने सावली सरकली तर त्याच दिवशी दाखवावे.

पद्धत कोणती, याचा निर्णय नावावरून करू नये. फ्लॅप न कापता वरचा नाजूक थर काढून लेसर करण्याच्या पीआरके पद्धतीत तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात आणि नजर सावकाश सुधारते, पण जाडी वाचते आणि फ्लॅप सरकण्याची भीती राहत नाही. लॅसिकचा फ्लॅप जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतो, त्यामुळे कुस्ती किंवा मुष्टियुद्धासारखे खेळ खेळणाऱ्यांनी हे आवर्जून बोलावे. स्माइल नावाच्या पद्धतीत कॉर्नियाच्या आतल्या आत पातळ चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढतात. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे कृत्रिम भिंग बसवता येते, अर्थात डोळ्यात त्यासाठी पुरेशी जागा असल्यास.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची भीती अनेकांना वाटते, आणि ती तिथे सर्वांत कमी बाळगावी असे मला वाटते. डोळा थेंबांनी बधिर होतो, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात, फ्लॅपसाठी डोळ्यावर कडे दाबतात तेव्हा काही क्षण सगळे काळे होते, मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे. यंत्राची टकटक ऐकू येते आणि केस जळल्यासारखा वास येतो. एकेका डोळ्यावरचा लेसर मिनिटभराच्या आत संपतो. मला अधिक चुकीचे वाटले ते संमतीपत्र देण्याची वेळ: पडद्याच्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यानंतर, दिव्याचा प्रकाश सहन होत नसताना, सहा पाने हातात आली आणि मी ती नाकाशी धरून चाळून सह्या केल्या. ते पत्र निदान दोन दिवस आधी घरी मागून घ्यावे. नंतरच्या थेंबांत स्टेरॉइड असते. ते स्वतःहून वाढवू किंवा लांबवू नये, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळे चोळणे आणि पोहणे सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद. दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, लाली आली किंवा नजर घटली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

आता राहिली फाइल. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी, रंगीत नकाशा, आधीचा दाब, फ्लॅपची जाडी, लेसरने किती मायक्रॉन काढले आणि सहा महिन्यांनंतर नंबर कितीवर स्थिरावला, एवढे एका कागदावर लिहून मागावे. ते देणे कोणत्याही रुग्णालयाला जड नाही. माझे जुने आकडे तर गेलेच. डॉक्टरबाईंनी आजची जाडी, वक्रता आणि दाब एका पानावर लिहून, वर ठळक अक्षरांत ‘दोन्ही डोळ्यांचे लॅसिक झाले आहे’ अशी ओळ घालून दिली. त्याची एक प्रत पाकिटात आहे, एक मुलाच्या मोबाइलमध्ये, आणि मूळ पान जन्मदाखल्यांच्या पिशवीत ठेवले आहे.

आपला,
एक वाचक